पत्त्यासकट प्रार्थना

शमुवेल मास्तर देवाला पत्ता सांगत.

देवाच्या दयेवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. त्याच्या शिरूरमधल्या माहितीवर मात्र तेवढा नव्हता. त्यामुळे प्रार्थना करताना ते कुठलाही घोटाळा होऊ नये याची काळजी घेत. डोळे घट्ट मिटायचे, कानावरची सुतारकामाची पेन्सिल काढून खिशात ठेवायची आणि सुरू करायचं, "हे कृपाळू पित्या, गंगूबाईच्या गुडघ्याला आराम दे. गंगूबाई म्हणजे मारुतीच्या देवळासमोरची नव्हे. ती ठणठणीत आहे. आपली भीमनगरातली, चिंचेखालचं घर, दारात काळी शेळी. एवढं ध्यानात असू दे, पित्या. आमेन."

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. माझी पिठाची गिरणी मिशन वाडी आणि भीमनगर यांच्या मधल्या कोपऱ्यावर होती. एका हाताला ख्रिस्ती मंडळींची घरं, दुसऱ्या हाताला आम्हा बौद्धांची, आणि मागे ओढ्याच्या अंगाला काही धनगरांची. मी इनामगावची लेक, शिरूरची सून. मॅट्रिक झालेली. नवरा एसटीत कंडक्टर होता. तो गावोगाव फिरायचा आणि मी एका जागी बसून सगळं गाव बघायची.

मास्तर मिशनच्या कारखान्यात पोरांना सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, स्वच्छ पांढरा पायजमा आणि वर खाकी शर्ट. लग्न केलेलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "राहून गेलं." जणू बाजारातून मीठ आणायचं राहून गेलं. नमस्काराच्या जागी ते ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे "सलाम, बाई" म्हणत, आणि दळणाचा डबा ठेवता ठेवता माझ्या गिरणीची चौकट अंगठ्यानं चाचपून "ही वर्षभर काढेल" असं सांगत. दर वर्षी हेच सांगत.

एकदा भर दुपारी वीज गेली. गिरणीसमोर डब्यांची रांग, बायका वैतागलेल्या. मास्तर उठून उभे राहिले. "हे पित्या, आमच्या भागाची वीज गेली आहे. हे काम वायरमन दगडूचं आहे. दगडू वाईट माणूस नाही. तो या वेळी स्टँडमागच्या टपरीवर कॅरम खेळत असतो. त्याला सुबुद्धी दे."

वीज लगेच आली नाही, पण थोड्याच वेळात आली. चर्चच्या मंडळीतल्या एका म्हातारबांनी याला चमत्कार म्हटलं. मला ठाऊक होतं की रांगेतली दगडूची भावजय 'आमेन' व्हायच्या आधीच टपरीकडे पळाली होती. तेव्हापासून माझं मत ठरून गेलं. मास्तर सांगत देवाला, आणि ऐकत गाव. पण काम होत होतं. ते कोणत्या रस्त्यानं होतं याच्याशी मला कर्तव्य नव्हतं.

न होणारं काम एकच होतं. पाणी.

नगरपालिकेचा पाइप मेन रोडनं येऊन आमचे मेंबर बबनशेठ यांच्या दारापर्यंत आला होता आणि तिथं त्याचं समाधान झालं होतं. आमच्या दोन्ही वस्त्यांतल्या बायका घोडनदीवरून हंडे आणत, नाहीतर मिशनच्या आडावर नंबर लावत. उन्हाळ्यात आडाचा तळ दिसे. बबनशेठ दर निवडणुकीला येऊन सांगत, "पाइप हाय, सापडंना झालाय. जुन्या नकाशात हाय." आमच्या इनामगावात त्या वेळी शास्त्रज्ञ मंडळी जमीन उकरत होती. हजारो वर्षांपूर्वीच्या चुली सापडल्या, रांजण सापडले. नगरपालिकेला मात्र आमचा पाइप सापडत नव्हता.

दर रविवारच्या उपासनेत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करायचा ख्रिस्ती लोकांचा रिवाज. तो भाग मास्तरांकडे असे. इतर गावी "आमच्या पुढाऱ्यांना सद्बुद्धी दे" एवढ्यावर भागत असेल. मास्तर दिल्लीपासून सुरुवात करून, मुंबईमार्गे शिरूरला उतरत आणि बबनशेठच्या दारातल्या पाइपाची जाडी सांगून थांबत. असं बरीच वर्षं चाललं. मग एका रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी मंडळीच्या पंचांना सांगितलं, "मी नगरपालिकेला उभा राहतोय."

पंच हादरले. हे सगळं मला नंतर चर्चच्या पाळकांच्या बायकोनं दळण घेता घेता सांगितलं. एक पंच म्हणाले, "मास्तर, राजकारण म्हणजे चिखल. आपल्या माणसानं त्यात पाय घालू नये." दुसरे म्हणाले, "आपण मूठभर माणसं. आजवर गप्प राहिलो म्हणून सुखानं राहिलो. तुम्ही पडलात तर हसं मंडळीचं होईल."

मास्तर म्हणाले, "राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा असं शास्त्रात आहे. मी केली. इतकी वर्षं केली. देवानं ऐकलं नसेल असं मी म्हणत नाही. तो म्हणत असेल, शमुवेल, तुला एवढं सगळं माहीत आहे तर तूच का जात नाहीस?"

यावर पाळक 'आमेन' म्हणाले आणि बैठक उठली.

भीमनगरात माझा दीर किसन त्यांच्या प्रचाराला पुढे झाला. किसन दूध डेअरीत होता आणि गळ्यात हात घालून मतं मागण्यात पटाईत होता. त्यानं आधीच बजावलं, "मास्तर, आमी देव मानत न्हाई, ध्यानात ठेवा. आमच्या वस्तीत परारथना नगं."

"हरकत नाही," मास्तर म्हणाले. "मी तुमच्या वतीनं घरी करीन."

निवडणुकीत त्यांना चिन्ह मिळालं शिडी. मास्तरांना धन्य धन्य वाटलं. बायबलातल्या याकोबाला स्वप्नात शिडी दिसली होती, पृथ्वीवरून थेट स्वर्गाला लागलेली. ते सगळ्यांना ती गोष्ट सांगू लागले. किसन म्हणाला, "याकोब आमाला ठावं न्हाई. पर शिडी कामाची हाय."

मग मास्तरांनी खरोखरची शिडी केली. सागाची, गुळगुळीत, माणूस उचलू शकेल इतकी हलकी. ती खांद्यावर टाकून ते दारोदार जाऊ लागले. भाषण वगैरे त्यांना येत नव्हतं. ते दारात शिडी उभी करत आणि म्हणत, "हे माझं चिन्ह." घरातली बाई शिडीकडे बघून म्हणे, "मास्तर, आणलीच हाय तर तेवढी कौलं नीट करून देता का?" मास्तर वर चढत. दुसऱ्या घरी माळ्यावरची गाठोडी काढायची असत. तिसऱ्या घरी मांजर पत्र्यावर अडकलेलं असे. दोन्ही वस्त्यांतली कौलं नीट झाली, भिंतींना चुना लागला, आणि मास्तरांचा प्रचार काही एका गल्लीच्या पुढे सरकेना. शेवटी ते शिडी ज्याच्या त्याच्याकडे ठेवून रिकाम्या हातानं फिरू लागले. शिडी आपली आपण घरोघर जाऊ लागली. किसन म्हणायचा, "उमेदवारापरीस चिन्ह जास्त फिरतंय."

आता सभेचं सांगते.

मतदानाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी माझ्या गिरणीसमोर सभा झाली. बँडवाल्याकडून भोंगा आणला होता. मिशन वाडी, भीमनगर, धनगरांची घरं, शिवाय मेन रोडवरची बरीच माणसं जमली होती. किसननं बबनशेठची चांगली हजेरी घेतली. टाळ्या पडल्या. मग मास्तर उठले. पेन्सिल कानावरून काढून खिशात ठेवली. मी किसनकडे पाहिलं. किसननं डोक्याला हात लावला.

"हे स्वर्गीय पित्या," मास्तर भोंग्यातून म्हणाले, "वैऱ्यांवर प्रीती करा असं तू सांगितलं आहेस. बबनशेठ काही माझे वैरी नाहीत, पण दुसरं कुणी उभंच नाही. तर त्यांना आशीर्वाद दे. राहणार मेन रोड, कापडाचं दुकान, हिरवी पाटी. त्यांचा धंदा वाढू दे. थोरल्या मुलीचं स्थळ ठरू दे. आणि पित्या, त्यांना मूळव्याधीचा फार त्रास आहे. दुकानात उशीवर बसतात, तरी बसवत नाही. ते दुखणं बरं कर. नगरपालिकेच्या सभेत माणसाला बसावं लागतं. एवढं ध्यानात असू दे. आमेन."

मग मागून कुणीतरी फुसकन हसलं आणि सगळी सभा कोसळली.

बबनशेठनी मास्तरांकडूनच खास खुर्ची करून घेतली होती, मध्ये गोल कापलेली. कुणाला म्हणून सांगायचं नाही, असं बजावलंही होतं. मास्तरांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांच्या हिशेबी हे संभाषण देवाशी होतं. भोंगा फक्त मध्ये आला होता.

किसन माझ्या गिरणीच्या पायरीवर कपाळ धरून बसला. "मास्तर, आवं तुमी परचार कुणाचा करताय? त्याचा का आपला?"

"देवाला मत नसतं, किसन," मास्तर शांतपणे म्हणाले. "त्याच्याजवळ प्रचार कशाला करायचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनशेठ स्वतः गिरणीत आले. तोंड लाल.

"बसा, शेठ," मी म्हटलं.

"नको!" ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि तोंड आणखी लाल झालं. "तुमच्या त्या मास्तराला सांगून ठेवा. मी केस करीन केस!"

"काय म्हणून? तुमचं भलं मागितलं म्हणून?"

"चारचौघांत मागितलं, बाई! भोंग्यावर!"

"मग ते भोंग्यावर म्हणालेत ते खोटं आहे असं कोर्टात सांगा."

तेवढ्यात मास्तर दळणाचा डबा घेऊन आत आले. शेठना पाहून त्यांचा चेहरा उजळला. "सलाम, शेठ! काही उतार?"

शेठ तसेच पाय आपटत गेले. पायसुद्धा फार जोरात आपटता येत नव्हते.

त्या दिवशी आम्ही सगळे हात टेकून बसलो. मंडळीचे पंच येऊन "सांगितलं होतं, हसं होईल" असं म्हणून गेले. किसनचा हिशेब असा की शेठचं दुखणं बाहेर आलं म्हणून मेन रोडची मतं चिडून एकगठ्ठा शेठकडे जाणार. म्हणजे नळ गेला. आणखी पाच वर्षं नदीचा चढ. माझ्या डोक्यावरच्या हंड्याचं वजन मला माहीत होतं.

दुपारी गिरणीत एक म्हातारी आली. ठसठशीत कुंकू, नऊवारी, हातात काठी. बबनशेठची आई. सगळे तिला आक्का म्हणत. तिचं दळण आणायला घरचे गडी होते, ती स्वतः कधी येत नसे.

"त्यो शिडीवाला मास्तर हितंच येतो न्हवं?" तिनं विचारलं.

आता ही कशासाठी आली असेल या विचारानं मी जपून म्हटलं, "येतात. काय काम होतं, आक्का?"

आक्का पोत्यावर टेकली. "बबन्याच्या दुखण्यासाठी म्या नवस केलं, वैदू केलं. ह्याच्या मागं-म्होरं फिरणारी समदी दुकानात येऊन फुकाटचा चा पेत्यात. एकानं तरी कवा म्हणलं का, आक्का, शेठला बरं वाटू दे? आन् ज्याच्या विरोधात ह्यो उभा, त्यो माणूस भर सभंत देवापाशी बोलला. माझ्या नातीच्या सोयरिकीसाठी बी बोलला." तिनं पदरानं नाक पुसलं. "हसणारी हसली. हसू द्या."

मी धीर करून विचारलं, "मग आक्का, मत कुणाला?"

"मत गुपित असतंय, बाई," आक्का काठी टेकत उठली. "तेवढी ती शिडी घरला पाठवून दे. माळ्यावरचं हंडं काढायचंय."

शिडी त्याच दुपारी भर मेन रोडवरून बबनशेठच्या घरी गेली. दोघांनी उचलून नेली. सगळ्या पेठेनं पाहिली. आक्कानं ती आत न घेता दाराबाहेर उभी करून ठेवली, आणि मतदान होईस्तोवर ती तिथून हलली नाही.

मास्तर निवडून आले. चांगल्या दणदणीत मतांनी आले. निकाल कळला तेव्हा भीमनगरात हलगी वाजली, मिशन वाडीत घंटा वाजली, आणि धनगरांनी दोन्हीकडे भंडारा उधळला. मंडळीचे पंच सगळ्यांत पुढे होते. "आम्ही सुरुवातीपासून म्हणत होतो," असं सांगत होते. किसननं बबनशेठच्या दारातून शिडी मागून आणली, आडवी धरली, तिच्यावर मास्तरांना बसवलं आणि चौघांनी खांद्यावर घेतलं. गळ्यात झेंडूचा हार, कानावर पेन्सिल, खाली याकोबाची शिडी. मास्तर दोन्ही हातांनी पायरी घट्ट धरून ओरडत होते, "अरे, तिसऱ्या पायरीवर वजन टाकू नका, तिथं गाठ आहे!"

मिरवणूक बबनशेठच्या दुकानासमोर आली. मास्तरांनी हात वर केला. हलगी थांबली. त्यांनी पेन्सिल काढून खिशात ठेवली आणि डोळे मिटले.

बबनशेठ उशांवरून ताडकन उठले, दुकानाच्या फळीवर आले आणि दोन्ही हात जोडून ओरडले, "मास्तर, पाया पडतो! मनातल्या मनात करा!"

मास्तरांनी मनातल्या मनात केली. माझ्या माहितीत अशी पहिलीच. बराच वेळ चालली. ती संपेपर्यंत शेठ हात जोडून उभे होते, आणि शेवटी स्वतःच्याही नकळत "आमेन" म्हणून गेले. मग जी हलगी वाजली, ती नदीपलीकडे ऐकू गेली म्हणतात.

नगरपालिकेत त्यांनी पहिल्याच सभेत प्रार्थना सुरू केली तेव्हा अध्यक्षांनी थांबवलं. "इथं हे चालणार नाही." मास्तर "बरं" म्हणून खाली बसले. पण पाइपाचा विषय आला की ते नुसते डोळे मिटून घेत. ओठ हलत. इंजिनिअरसाहेब अस्वस्थ होत. एकदा त्यांनी न राहवून विचारलं, "मास्तर, मनात काय म्हणताय?"

"तुमचंच नाव आहे," मास्तर म्हणाले. "पत्ता विचारायचा होता."

हरवलेला पाइप पुढच्या महिन्यात जुन्या नकाशात सापडला.

उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या कोपऱ्यावर नळकोंडाळं बांधून झालं. उद्घाटनाला पाहुणा बोलावला नाही. पहिला हंडा गंगूबाईचा लागला, चिंचेखालचीचा. नळातून आधी नुसती हवा फुसफुसली, मग गढूळ थुंकी पडली, आणि मग हाताच्या मनगटाएवढी पांढरीशुभ्र धार. बायका ओरडल्या, पोरं भिजली, किसननं सुद्धा डोक्यावर तांब्या ओतून घेतला. देव न मानणारी आमची वस्तीच म्हणाली, "मास्तर, आता तुमचं ते होऊ द्या."

मास्तरांनी एकेक घर घेतलं. नाव, खूण, दुखणं, मागणं. डोळे मिटून मागणाऱ्या माणसाला मध्येच तोडून नळ कसा बंद करायचा म्हणून कुणी केला नाही. हंडा भरून वाहिला, पाणी ओट्यावरून माझ्या गिरणीच्या पायरीपर्यंत आलं. आमेन झालं तेव्हा सगळे घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते आणि हसत होते.

दिवस कलताना मास्तर डबा घेऊन गिरणीत आले. बाहेर नळावर अजून बायका होत्या. मी पट्टा थांबवला आणि इतके दिवस मनात होतं ते विचारून टाकलं.

"मास्तर, तुम्ही सगळ्यांची नावं घेतलीत. शेठची, इंजिनिअरची. एकदा तर माझ्या गिरणीच्या पट्ट्यासाठी सुद्धा मागितलंत. तुमचं स्वतःचं कधी ऐकलं नाही."

"स्वतःची शिफारस स्वतः कशी करणार, बाई?" ते हसले. मग डब्याचं झाकण उगाच उघडत-लावत म्हणाले, "मिशनच्या बोर्डिंगात आम्ही खूप पोरं होतो. दुष्काळात सापडलेली. मला आईबाप कोण ते माहीत नव्हतं. बोर्डिंगच्या बाईंनीच नाव ठेवलं शमुवेल, आणि शिरूरला सापडलो म्हणून शिरूरकर. रोज संध्याकाळी बाई प्रार्थना करायच्या. 'या सर्व लेकरांना सांभाळ.' काही पोरांची आई नाहीतर आजी अधूनमधून यायची, ती पोराला जवळ घेऊन त्याचं नाव घेऊन मागायची. माझं असं कुणी घेतलं नाही. मला वाटायचं, 'सर्व' म्हटल्यावर त्यातला मी कुठला, हे देवाला कसं कळणार? चुकून दुसऱ्याच पोराला सांभाळत बसायचा. तेव्हाच ठरवलं, आपण मोठं झालो की पत्त्यासकट सांगायचं. घोटाळा नको."

दुसऱ्या कुणा पोराची गंमत सांगावी तसं त्यांनी हे सांगितलं.

मी रडणाऱ्यांतली बाई नव्हे. काम दिसलं की उरकून टाकायचं, एवढंच मला कळतं. देव मी मानत नाही, पण मानत नाही म्हणून सांगायचंच नाही, असा काही नियम माझ्या वाचनात नव्हता. मी हातावरचं पीठ झटकलं आणि उभी राहिले. कसं सुरू करायचं ते येत नव्हतं, म्हणून रेशन दुकानात नंबर पुकारतात तसं खणखणीत म्हटलं, "शमुवेल शिरूरकर. सुतारमास्तर. आता मेंबर. मिशन वाडी, आडामागचं घर, निळं दार. एकटे असतात. हे काम ज्या कुणाचं असेल त्यानं यांच्याकडे लक्ष द्यावं. एवढं ध्यानात असू दे."

मास्तरांनी डोळे केव्हाच मिटले होते. पेन्सिल खिशात होती. मी थांबले तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. जरा वेळानं तसेच, हळू आवाजात म्हणाले, "बाई, पत्रा गळतो. तेवढं सांगून टाकता का?"

"आणि पत्रा गळतो!" मी म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं. नळावरच्या बायकांचे हंडे वाजायचे थांबले होते.

सकाळी गिरणी उघडली तर मेन रोडकडून शिडी येताना दिसली. आक्कानं ती पुन्हा माळ्यासाठी म्हणून नेली होती. एक टोक किसनच्या खांद्यावर, दुसरं बबनशेठच्या गड्याच्या. मागे गंगूबाई लंगडत डांबराचा डबा घेऊन, तिच्यामागे मंडळीचे ते पंच, नवाकोरा पत्रा डोक्यावर धरून. सगळे आडामागे वळले. मीही पट्टा न लावता तशीच गेले.

शिडी निळ्या दाराशेजारी लागली होती. किसन वर चढून ठोकत होता. मास्तर खाली दोन्ही हातांनी शिडी धरून उभे होते, "तिसरी पायरी जपून" असं पुन्हा पुन्हा सांगत, डोळे टक्क उघडे ठेवून.